वितळणारा पहारेकरी : रामघाटावरून एका रेझिस्टरची गोष्ट



मोटारीच्या हीटरचा पंखा एक, दोन आणि तीनवर अजिबात हलत नाही, पण चारवर टाकला की पूर्ण जोरात सुटतो. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "मोटर गेली वाटतं." मोटर गेलेली नसते. ती गेली असती तर चारवरही फिरली नसती. गेलेला असतो तो मोटरीच्या अलीकडचा, तळहातावर मावणारा एक तुकडा. त्याला ब्लोअर रेझिस्टर म्हणतात. आणि त्यातही पुष्कळदा रेझिस्टरची तार शाबूत असते, गेलेला असतो तो त्या तारेवर पहारा करणारा धातूचा एक थेंब.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की मी ईएमईचा माणूस. पोस्टिंग जिथे होईल तिथला इतिहास आणि तिथे हाताखालून गेलेली एखादी दुरुस्ती, यांची सांगड घालून मी इथे लिहितो. सध्या मुक्काम वाराणसी छावणीत आहे. युनिटचं नाव नेहमीप्रमाणे लिहीत नाही. या वेळचा विषय आहे हा रेझिस्टर. त्याची कथा दोनशे वर्षांची आहे, आणि तिच्यातलं एक पान खुद्द बनारसमध्ये लिहिलं गेलं.

घाटांची मराठी ओळ

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. मणिकर्णिकेच्या पुढे प्रवाहाबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी चालत निघालं की आपल्या माणसाला परकं वाटत नाही. आधी शिंद्यांचा घाट लागतो. मग संकठा घाट, गंगामहाल, नागपूरकरांचा भोसले घाट. पुढच्या गणेश घाटावरचं गणपतीचं देऊळ अमृतराव पेशव्यांनी बांधलेलं. मग मेहता घाट, जो पूर्वी रामघाटाचाच भाग होता, आणि त्याला लागून रामघाट. रामघाटाच्या पुढे ग्वाल्हेर दरबारच्या जटारांचा घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट, आणि मग पंचगंगा. पंचगंगेवरचं सध्याचं बिंदुमाधवाचं देऊळ औंधकरांनी बांधलं. त्यापुढे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. या पट्ट्यातल्या गल्ल्यांत आजही मराठी घरं आहेत. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. सकाळी त्या बाजूने गेलं तर वेदपठण कानावर पडतं.

या गल्ल्यांत मोटार येत नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकायचं, आणि सांड आला तर दोघांनी. गाडी मैदागिनच्या बाजूला लावायची आणि पुढे पायी. जानेवारीत नदीवरून धुकं वर चढतं आणि गल्ल्यांत भरून राहतं. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून खालची पायरी दिसत नाही, अशा सकाळी इथे सलग आठ-आठ दिवस येतात. अशा वेळी हीटरचा पंखा ही चैन राहत नाही. बाहेरची काच थंड असते, आत चार माणसांचा दमट श्वास असतो, आणि काचेच्या आतल्या बाजूने दव धरतं. ते घालवायला काचेवर सतत गरम, कोरडी हवा लागते. तो झोत थांबला की दोन मिनिटांत समोरचा रस्ता पुसला जातो.

चारवर का चालतो?

आधी एक गैरसमज दूर करतो. हा रेझिस्टर गाडी गरम करत नाही. नेहमीच्या पेट्रोल-डिझेल गाडीत गरमी येते ती इंजिनाच्या पाण्यातून. इंजिन थंड ठेवणारं पाणी तापतं, त्यातलं काही डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवलं जातं आणि ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा ढकलतो. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा घेऊन अशा गरम पाण्याच्या जाळीवरून आत सोडण्याची व्यवस्था गाडीत आणली. मूळ कल्पना आजही तीच आहे. पंखा मात्र विजेवर चालतो, आणि त्याचा वेग कमी-जास्त करायचा तर काहीतरी आडवं घालावं लागतं. ते आडवं घातलेलं म्हणजे रेझिस्टर.

चार वेगांच्या साध्या गाडीत तीन वेटोळी एकापुढे एक जोडलेली असतात. एकवर ठेवलं की वीज तिन्हींतून जाते, दोनवर दोघांतून, तीनवर एकातून. चारवर तिला वळसा घालून थेट मोटरीकडे पाठवतात. म्हणून रेझिस्टर तुटला तरी चार जिवंत राहतो.

या तारेत नेमकं काय होतं, हे आकड्यांत बघू. समजा तिन्ही वेटोळ्यांचा मिळून विरोध २ ओहम आहे आणि एकवर ४ अँपिअर वीज वाहते. चार गुणिले दोन, म्हणजे ८ व्होल्ट तारेतच खर्च होतात. बारातले उरलेले ४ व्होल्ट मोटरीला मिळतात आणि ती हळू फिरते. खर्च झालेल्या त्या आठ व्होल्टांचं काय होतं? त्यांची उष्णता होते. ४ अँपिअर आणि ८ व्होल्ट म्हणजे ३२ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हातातली डाख देण्याची इस्त्री साधारण एवढ्याच वॉटची असते. म्हणजे पंखा मंद ठेवलात की डॅशबोर्डच्या आत एक डाखाची इस्त्री चालू असते. ती जळत नाही याचं कारण एकच. तिला मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेलं असतं, आणि ज्या पंख्याला ती आवरते त्याच पंख्याचा वारा तिला थंड ठेवतो.

विजेला लगाम घालण्याची जुनी रीत

विरोध, दाब आणि प्रवाह यांचं हे गणित मांडलं जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या शाळामास्तराने, १८२७ मध्ये. तारेत किती उष्णता निघते हे इंग्लंडच्या जेम्स जूलने मोजलं आणि १८४१ मध्ये छापलं. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा त्याचा नियम पुढे आपल्या कामाला येणार आहे. लाल होईपर्यंत तापूनही न गंजणारी निकेल-क्रोमची तार मात्र विसाव्या शतकाची. अमेरिकेत अल्बर्ट मार्शने १९०६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. टोस्टर, इस्त्री, शेगडी या सगळ्या घरगुती वस्तू त्या तारेच्या जिवावर उभ्या राहिल्या.

मराठी माणसाने ही रीत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पाहिली ती मुंबईत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. थांबलेल्या मोटरीवर पूर्ण दाब एकदम टाकला तर प्रवाह इतका वाढेल की मोटर जळेल. म्हणून सुरुवातीला विजेच्या वाटेत रेझिस्टर घालायचे, आणि गाडी वेग घेत जाईल तसे एकेक काढत जायचं. बोरघाटात गाड्या ओढणारं ते लांब नाकाचं विजेचं इंजिन, ज्याला आपल्याकडे लोक खेकडा म्हणायचे, तेही याच रीतीचं. डीसी लोकलचं युग पुढे टप्प्याटप्प्याने संपलं आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची डीसी वीजही गेली. म्हणजे नव्वद वर्षांहून जास्त काळ मुंबईचा चाकरमानी रोज रेझिस्टरच्या भरवशावर कामाला गेला.

पण लोकल आणि मोटारीत एक फरक आहे. लोकलमध्ये रेझिस्टर फक्त वेग घेईपर्यंतच वाटेत असतात. त्यांच्यावर गाडी तासन् तास चालवायची नसते. मोटारीत माणूस पंखा एकवर ठेवतो आणि बनारस ते लखनौ तसाच जातो. लोकलच्या रेझिस्टरला मधेमधे विश्रांती मिळते, मोटारीतल्याला मिळत नाही. म्हणून त्याला वारा हवाच.

हा वाऱ्याचा हिशोब मोठ्या मापात बघायचा असेल तर तोही इथे बनारसमध्येच सापडतो. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या डिझेल इंजिन कारखान्यातून १९६४ च्या जानेवारीत पहिलं इंजिन बाहेर पडलं. त्या कारखान्याचं आजचं नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. डायनॅमिक ब्रेकच्या डिझेल इंजिनात उतारावर मोटरींचाच जनरेटर केला जातो. तयार झालेली वीज इंजिनावरच्या रेझिस्टरच्या जाळ्यांत नेऊन उष्णता म्हणून उडवून देतात. त्या जाळ्यांना थंड ठेवायला स्वतंत्र ब्लोअर असतो, आणि तो फिरतो त्याच ब्रेकच्या विजेवर. ब्रेक जितका जोरात, तितका वारा जोरात. मोटारीतल्या पंचवीस-तीस वॉटांच्या वेटोळ्याचा हा हजारो पट मोठा भाऊ. दोघांचा नियम एकच. वारा थांबला की तार मेली.

टांकसाळीतला मुलगा

आता त्या पहारेकऱ्याकडे येतो. वारा थांबला तर तार तापतच जाईल. आसपास प्लॅस्टिक आहे, तारांची आवरणं आहेत, कुठून तरी आलेला पालापाचोळा आहे. आग लागायला आणखी काही लागत नाही. म्हणून रेझिस्टरच्या पट्टीवर एक थर्मल फ्यूज बसवतात. कधी ती स्प्रिंगची पट्टी असते, डाखाच्या एका थेंबाने दाबून धरलेली. ठरलेल्या तापमानाला डाख वितळतो, पट्टी उसळते आणि वाट तुटते. कधी बारीक डबीत मेणासारखी गोळी असते, ती वितळली की आतला संपर्क सुटतो. साधा फ्यूज जास्त प्रवाहाने जातो. हा जातो जास्त उष्णतेने, आणि गेला की परत जोडला जात नाही.

ठरलेल्या उष्णतेला वितळणारा धातू पहाऱ्यावर ठेवायचा, ही युक्ती वाफेच्या इंजिनाच्या काळापासूनची. बॉयलर फुटून माणसं मेल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०३ च्या सुमारास बॉयलरला शिशाची गुडदी बसवायला सुरुवात केली. पाणी कमी झालं की ती उघडी पडते, वितळते, आणि वाफ आगीवर सुटते. आपल्या प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तिचाच नातू. कुकरमधलं पाणी आटल्यावर व्हॉल्व्ह गेला म्हणून कुणी तिथे खिळा ठोकत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र लोक नेमकं तेच करतात. त्याबद्दल पुढे.

मिश्रधातू वितळण्यावरून उष्णता ओळखायचं शास्त्र पक्कं करणाऱ्यांत बनारसचा एक माणूस आहे. जेम्स प्रिन्सेप. १८२० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो बनारसच्या टांकसाळीत कस तपासणारा अधिकारी म्हणून आला आणि १८३० मध्ये टांकसाळ बंद होईपर्यंत इथे राहिला. छावणीजवळ नदेसरला 'मिंट हाऊस' हे नाव अजून चालतं. रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी पुरतं.

त्याची अडचण कारागिराची होती. चांदीचा कस काढताना भट्टी जास्त तापली तर चांदीचा काही अंश निघून जातो आणि हिशोब चुकतो. सरकारच्या नाण्यांचा प्रश्न, म्हणजे चूक परवडणारी नाही. पण भट्टीची उष्णता मोजायची कशी? पाऱ्याचा थर्मामीटर तिथे निरुपयोगी, पारा ३५७ अंशांनाच उकळतो. वेजवुडच्या मातीच्या गोळ्या होत्या, पण त्यांच्यावर भरवसा नव्हता. प्रिन्सेपने चांदीत सोन्याचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढवत, आणि पुढे सोन्यात प्लॅटिनमचा, मिश्रधातूंची एक मालिकाच तयार केली. चांदी ९६१ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला, प्लॅटिनम १७६८ ला. हे आजचे आकडे. मधली मिश्रणं मधल्या उष्णतांना. प्रत्येकाचा बारीक कण भट्टीत ठेवायचा. कुठला वितळला आणि कुठला टिकला, एवढं बघितलं की उष्णता कोणत्या दोन पायऱ्यांमध्ये आहे ते कळतं. हा निबंध १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अंकात छापून आला. ओहमच्या पुस्तकानंतर जेमतेम एका वर्षाने.

याच माणसाने बनारसचं सांडपाणी नदीकडे नेणारा भूमिगत नाला आखला, रामघाटापासून हाकेच्या अंतरावरच्या पंचगंगेच्या मशिदीचे डळमळलेले मिनार सावरले, आणि बनारसची सुंदर चित्रं काढली. ते मिनार आज नाहीत, मशीद आहे. पुढे कलकत्त्याला गेल्यावर १८३७ मध्ये अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच. लोक त्याला लिपीसाठी ओळखतात. माझ्यासारख्या वर्कशॉपच्या माणसाला तो वितळत्या कणांसाठी जवळचा वाटतो.

प्रिन्सेपने थर्मल फ्यूज शोधला असं मी म्हणत नाही. त्याचे कण हेर होते, किती तापलं ही बातमी देणारे. फ्यूजमधला थेंब बातमी देतोच, शिवाय वाट बंद करूनच पडतो. पण दोघांचं बळ एकच आहे. ठरलेलं मिश्रण ठरलेल्या उष्णतेलाच वितळतं, आधी नाही आणि नंतर नाही.

सुभेदारसाहेबांचं प्रयाग

या जानेवारीत सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदारसाहेब काशीला आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, वय अठ्ठ्याहत्तर. पत्नीच्या अस्थी घेऊन आले होते. काशीतला विधी झाला होता आणि प्रयागला संगमावर जायचं होतं. उतरले होते रामघाटाच्या वरच्या गल्लीत, एका मराठी गुरुजींच्या घरी. गावाकडच्या ओळखीतून निरोप आला आणि त्यांना प्रयागला न्यायचं मी कबूल केलं. रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तिथी ठरलेली, निघायचं पहाटे, आणि धुकं असं की बोनेटचं टोक दिसेना.

गाडी एका सहकाऱ्याकडून नुकतीच घेतलेली. निघायच्या तीन दिवस आधी पंख्याने एक, दोन, तीन सोडले. चारवर चालत होता, म्हणजे नड भागली असती. पण वाटेत ते कनेक्टरही गेलं तर धुक्यात काच पुसायला हातात फक्त फडकं राहिलं असतं.

रस्त्यालगतच्या एका मेकॅनिकने बघितलं आणि अचूक ओळखलं. माणूस हुशार होता. म्हणाला, "साहब, फ्यूज उड़ा है ऊपर का. नया काहे मँगाना? तार जोड़ के डायरेक्ट कर देते हैं, दस मिनट का काम है."

दहा मिनिटांचंच काम होतं, आणि पंखा एक-दोन-तीनवर लगेच फिरलाही असता. मी नको म्हटलं आणि भाग मागवायला सांगितलं.

संध्याकाळी रामघाटाच्या पायरीवर सुभेदारसाहेबांनी विचारलं, "काय रं हवालदार, एवढ्याशा काडीपायी दोन दिस थांबायचं व्हय?"

"साहेब, ती काडी म्हणजे सेन्ट्री आहे. आग लागायच्या आधी पडायचं, एवढीच तिची ड्यूटी. तिच्या जागी तार टाकली तर पंखा फिरेल, पण पहाऱ्यावर कुणी नसेल."

त्यांनी थोडा वेळ नदीकडे बघितलं. मग म्हणाले, "सेन्ट्री पडला, ते कळलं. पण पाडला कुनी, त्ये बघितलंस का?"

पन्नास वर्षांपूर्वी शिकलेली गस्त माणूस विसरत नाही. खरा प्रश्न तोच होता.

पाडला कुणी?

आता कामाचा भाग, ज्यांना आपल्या गाडीवर करून बघायचं आहे त्यांच्यासाठी.

आधी लक्षणावरून वाट धरा. एक, दोन, तीन बंद आणि चार चालू, तर संशय थर्मल फ्यूजवर. फक्त एक बंद आणि बाकी चालू, तर एकच वेटोळं तुटलेलं असू शकतं. फक्त चार बंद असेल तर चारचा रिले किंवा स्विच बघा. काहीच चालत नसेल तर मुख्य फ्यूज, रिले, अर्थिंग आणि मग मोटर. आपोआप तापमान राखणाऱ्या गाड्यांत तारेच्या वेटोळ्याऐवजी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. त्याला हे नियम लागू नाहीत.

रेझिस्टर बहुधा डाव्या बाजूच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या खणाखाली, हवेच्या नळीला दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. पंखा नुकताच चालवला असेल तर थांबा, हात भाजेल. इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा, कनेक्टर काढा, स्क्रू काढून पट्टी बाहेर घ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिनांमध्ये मोजा. शाबूत वेटोळी फार थोडा विरोध दाखवतात, अर्ध्यापासून दोन-तीन ओहमपर्यंत. जिथे मीटर काहीच वाट दाखवत नाही तिथे तुटलेलं आहे. नंतर थर्मल फ्यूजच्या दोन टोकांवर मीटर लावा. वेटोळी शाबूत आणि फ्यूज तुटलेला असेल तर पहारेकरी आपल्या कामावर पडला, एवढं सिद्ध झालं.

मग कारण शोधा. पहिलं, केबिन फिल्टर. तो तुंबला की हवा कमी येते आणि रेझिस्टरला वारा मिळत नाही. दुसरं, मोटर. पंख्याचं चाक हाताने फिरवा. ते सहज फिरून हळूहळू थांबायला हवं. अडखळत असेल, खरखरत असेल तर बेअरिंग जड झालं आहे. जड मोटर जास्त प्रवाह ओढते आणि वारा कमी देते, म्हणजे रेझिस्टरवर दोन्हीकडून मार. जूलचा नियम इथे आठवा. प्रवाह दीडपट झाला तरी उष्णता सव्वादोन पट होते. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर चारवर मोटर किती अँपिअर ओढते ते बघून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. तिसरं, कनेक्टर. पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा वितळलं असेल तर तिथे संपर्क सैल आहे. सैल संपर्क स्वतःच एक रेझिस्टर असतो, आणि त्याला ना वारा, ना पहारा. असा कनेक्टर तारांसकट बदलावा, नाहीतर नवा भागही त्याच वाटेने जातो.

आमच्या गाडीत फिल्टर बाहेर काढला तेव्हा तो करड्या नमद्यासारखा झाला होता. शहराची धूळ, कापसासारखे तंतू, वर कुठल्याशा झाडाची पानं. कनेक्टरची एक पिन काळवंडलेली. मोटर मात्र ठणठणीत. भाग आला, नवा फिल्टर घातला, कनेक्टर बदलला, रेझिस्टर बसवला. पाऊण तास लागला. तो मेकॅनिकही शेजारी उभा राहून बघत होता. फिल्टर हातात घेऊन म्हणाला, "अच्छा, बीमारी ई रही." त्याने पैसे भागाचे आणि कनेक्टरचेच घेतले.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही निघालो. पंखा दोनवर होता. काच स्वच्छ राहिली. सुभेदारसाहेब पुढच्या सीटवर कलश मांडीवर घेऊन बसले होते आणि सगळ्या वाटेत फार थोडं बोलले. ऊन निघाल्यावर आम्ही संगमावर पोहोचलो. त्यांचं काम शांतपणे झालं.

राहिलेला हिशोब

हे रेझिस्टर आता मागे पडत चालले आहेत. घरातला पंख्याचा तो जड, गरम होणारा रेग्युलेटर गेला, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक आला. लोकल एसी विजेवर गेली. नव्या गाड्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वेग सांभाळतात, म्हणून आठ व्होल्ट फुकट जाळावे लागत नाहीत. पण रस्त्यावर अजून तारेच्या वेटोळ्याच्या लाखो गाड्या आहेत, आणि थंडी दरवर्षी येते.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेझिस्टर जागेवर बसवताना तो हवेच्या नळीतच बसला पाहिजे. बाहेर लोंबकळत ठेवून "चालतोय की" म्हणू नका. आणि थर्मल फ्यूजला वळसा घालणारी तार कुणी कितीही स्वस्तात जोडून देत असेल तरी घेऊ नका. त्या थेंबाची किंमत थोडी आहे, पण तो योग्य उष्णतेला वितळावा यासाठी टांकसाळी, बॉयलर आणि वर्कशॉप यांतल्या किती पिढ्यांनी हात भाजून घेतले आहेत. हिवाळा सुरू व्हायच्या आधी फिल्टर काढून एकदा झटका, तुंबला असेल तर बदला. पहारेकऱ्यावर वेळच येऊ न देणं हे सगळ्यात स्वस्त.

ईएमईचं ब्रीद आहे, कर्म ही धर्म. भेटू पुढच्या लेखात.

जय हिंद.